खांद्यावरचे स्टार मोजणारं घर

आमच्याकडे फौजी सिरियल किंवा वेब सिरीज लागली की रिमोट नानांच्या हातात द्यायचा असा नियमच आहे, कारण दर पाच मिनिटांनी पॉज करावाच लागतो आणि तो त्यांनीच केलेला बरा, नाहीतर "थांबव थांबव, मागे घे" असं ओरडून शेजारच्यांना पण जागं करतात. नाना म्हणजे माझे सासरे. सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या संदेश पोचवणाऱ्या शाखेतून, सुभेदार म्हणून रिटायर झाले, शेवटचं पोस्टिंग महूला होतं आणि इंदूर तिथून पंचवीसेक किलोमीटर म्हणून मग इथेच घर घेतलं. महूला इन्फन्ट्री स्कूल, वॉर कॉलेज, सिग्नलवाल्यांचं ट्रेनिंग कॉलेज एमसीटीई, त्यामुळे आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघणाऱ्यांत अर्धे लोक अजून पायात पाय मिळवून चालतात. अशा ठिकाणी राहून टीव्हीवरच्या फौजेवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

लग्नाआधी मी अशी खोड काढत बघणारी नव्हते. हिरोने वर्दी चढवली, मागे तिरंगा फडकला, बासरी वाजली की डोळे भरून यायचे, विषय संपला. आता आधी नजर खांद्यावर जाते. नानांनी शिकवलेलं सोपं आहे: लेफ्टनंटला दोन स्टार, कॅप्टनला तीन, मेजरला नुसता अशोकाचा सिंह, मग सिंह आणि एक स्टार म्हणजे लेफ्टनंट कर्नल, दोन म्हणजे कर्नल, तीन म्हणजे ब्रिगेडियर. एवढं पाठ केलं तरी निम्म्या सिरियल पहिल्याच एपिसोडला निकालात निघतात. मागे एक बघत होतो, नाव घेत नाही, त्यात कॅप्टनसाहेब तीन स्टार लावून जीपमधून उतरले, ऑपरेशन रूममध्ये शिरले तेव्हा दोन राहिले आणि नकाशावर बोट ठेवलं तेव्हा क्लोजअपमध्ये परत तीन. दारातून आत येईपर्यंत डिमोशन आणि प्रमोशन दोन्ही झालं, तेही चहा न पिता.

आणि वयं! सध्याच्या नियमाने, म्हणजे २००४ पासून, दोन वर्षांची सर्व्हिस झाली की कॅप्टन, सहा झाली की मेजर, तेरा झाली की लेफ्टनंट कर्नल. त्यापुढचं कर्नल हे नुसत्या वर्षांनी मिळत नाही, सिलेक्शन बोर्डातून जावं लागतं. म्हणजे माणूस बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कमिशन झाला, म्हणजे ऑफिसर म्हणून रुजू झाला असेल तर कर्नल होईतो चाळिशीच्या आसपास येतो, पोरं शाळेत असतात, केस मागे सरकलेले असतात. आमच्या सिरियलमध्ये कर्नल अठ्ठावीसचा, केसांना जेल, गालावर तीन दिवसांची दाढी. शीख जवान सोडले तर आर्मीत दाढी ठेवत नाहीत, नेव्हीत परवानगीने ठेवता येते, स्पेशल फोर्सेसवाले ऑपरेशनवर असताना ठेवतात ते वेगळं. पण हे साहेब दिल्लीत ऑफिसात बसून दाढी खाजवत होते. नाना म्हणाले, "याला आमच्या सुभेदार मेजरने गेटवरूनच परत पाठवला असता, आधी न्हाव्याकडे जा म्हणून."

माझा सगळ्यात आवडता घोळ मात्र एडिटिंगचा आहे आणि तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. कधी कधी एडिटरला हिरो डावीकडे बघायला हवा असतो आणि शूट झालाय उजवीकडे बघताना, मग तो शॉट सरळ उलटा करून टाकतो, आरशात बघितल्यासारखा. साध्या सिरियलमध्ये चालून जातं, फार तर भांग बदलतो. पण वर्दीत सगळ्या गोष्टींच्या जागा ठरलेल्या. नेमप्लेट उजव्या खिशावर, मेडलच्या फिती डाव्या बाजूला, बेरेटचा, म्हणजे त्या मऊ गोल टोपीचा, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर आणि कापड उजवीकडे ओढलेलं. शॉट उलटा केला की हे सगळं फिरतं. तर एका सिरीजमध्ये मेजरसाहेब शत्रूच्या चौकीकडे बघत मोठं भाषण देत होते आणि फिती उजव्या छातीवर. नानांनी पॉज केलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. उजव्या बाजूला मेडल कोण लावतं माहितीये? गेलेल्या सैनिकाची मेडल त्याच्या घरचे लावतात तेव्हा ती उजवीकडे लावतात, स्वतःची कमाई डावीकडे. म्हणजे हा मेजर स्वतःच्याच मरणानंतर स्वतःची मेडल लावून उभा होता. "स्वतःचाच वारस झालाय लेकाचा," नाना म्हणाले आणि मग त्या दिवशी पुढचं काही नीट बघून झालंच नाही, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पण हसत सुटल्या.

कंटिन्यूटीच्या चुका का होतात हे मला कळतं हो. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही, लढाईचा शेवट सोमवारी आणि सुरुवात गुरुवारी, मध्ये ज्युनिअर आर्टिस्ट बदलतात, वर्द्या ड्रेसवाल्याकडून भाड्याने येतात आणि संध्याकाळी परत जातात. डाव्या दंडावरची पट्टी उजव्या दंडावर जाणं, रक्ताचा डाग धुतल्यासारखा निघून परत येणं, हे चालायचंच. अमेरिकेची ती 'मॅश', कोरियन युद्धातल्या फील्ड हॉस्पिटलची, इतकी नावाजलेली सिरियल, तिचं तर गणितच बसत नाही. खरं युद्ध जून १९५० ते जुलै १९५३, तीन वर्षं आणि थोडे दिवस, आणि सिरियल चालली १९७२ ते १९८३, अकरा सीझन. मग काय होणार? कर्नल पॉटर कॅम्पात येतात सप्टेंबर १९५२ मध्ये, तसं एपिसोडमध्ये स्वच्छ सांगितलंय, आणि नंतरच्या एका एपिसोडमध्ये १९५१ चं नवीन वर्ष साजरं करताना तेच पॉटर हजर. हीरो हॉकाय, त्याला सुरुवातीला बहीण असते, नंतर तो एकुलता एक होतो. त्या काळी लोक आठवड्यातून एकदा बघायचे आणि विसरायचे, म्हणून खपलं. आता आख्खा सीझन एका रविवारात संपवतात, सकाळी पोहे खाताना बघितलेली बहीण दुपारी गायब झाली तर लक्षात येणारच ना.

तर कंटिन्यूटी माफ. मला राग येतो तो काळ चुकतो तेव्हा, कारण ते तपासायला फक्त अर्धा तास लागतो. १९७१ वर काहीही बनवा, जवानाच्या हातात इन्सास रायफल देतातच. इन्सास आली नव्वदच्या दशकात. एकाहत्तरला सेल्फ लोडिंग रायफल होती, लांबलचक, लाकडी दस्त्याची, ७.६२ ची, नाना तिला अजून 'एसेलार' म्हणतात आणि तिचं वजन सांगताना खांदा चोळतात. त्याआधी बासष्टला थ्री-नॉट-थ्री. दुसरं, एकाहत्तरच्या बटालियनचा सीओ, म्हणजे तिचा प्रमुख, कर्नल दाखवतात. तेव्हा बटालियन लेफ्टनंट कर्नल सांभाळायचा, ती जागा कर्नलची झाली ऐंशीच्या दशकात. पासष्टला पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट घेऊन लढलेले आणि परमवीरचक्र मिळालेले तारापोर लेफ्टनंट कर्नलच होते, पुस्तक उघडलं तरी पहिल्या ओळीत सापडतं.

गाड्यांच्या नंबरप्लेट बघा कधी. फौजी गाडीच्या नंबरात आधी वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी कोणत्या वर्षी फौजेत आली ते. एका सिरियलमध्ये एकाहत्तरच्या डिसेंबरात ताफा निघाला, पुढच्या जिप्सीवर बाण आणि ०६. जिप्सी! अहो तेव्हा जोंगा जीप आणि शक्तिमान ट्रक होते, दोन्ही आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरच्या फॅक्टरीत बनायचे. निदान आमच्या राज्याचा तरी मान ठेवायचा.

कारगिलवाल्यांचं वेगळंच. १९९९ आहे असं पडद्यावर लिहून येतं आणि जवानांच्या अंगावर ती नवी ठिपक्या-ठिपक्यांची डिजिटल वर्दी, जी २०२२ च्या आर्मी डेला पहिल्यांदा दाखवली. चौकीवरचा पोरगा मोबाइलवर बायकोशी बोलतो. जम्मू-काश्मीरमध्ये मोबाइल सुरू झाला २००३ मध्ये. तेव्हा निळी अंतर्देशीय पत्रं यायची, पत्त्यात गाव नाही, फक्त नंबर, नाव, युनिट आणि ५६ एपीओ, म्हणजे फौजी टपाल ऑफिस. आईंकडे त्या पत्रांचा गठ्ठा आहे, आणि त्यातली निम्मी पत्रं 'मुलाची फी भरलीस का' आणि 'गॅसचा नंबर लागला का' एवढ्यावरच आहेत, देश, माती, बलिदान असलं एक अक्षर नाही. सिरियलमधल्या पत्रांत मात्र पानभर कविता. आणि गावाकडे शहीदाच्या घराच्या गच्चीवर, शेजाऱ्यांच्या गच्चीवर, सगळीकडे तिरंगे. सामान्य माणसाला वर्षभर कधीही झेंडा लावायची मोकळीक मिळाली ती २६ जानेवारी २००२ पासून, नव्या फ्लॅग कोडने. त्याआधी असं चाललं नसतं.

एअरफोर्सच्या बाबतीत मी स्वतः पॉज करते, नानांना विचारत नाही. माझं माहेर ग्वाल्हेर. महाराजपुऱ्याच्या एअरबेसवर १९८५ पासून मिराज आहेत, लहानपणी गच्चीवर पापड वाळत घालताना डोक्यावरून गेलं की आजी शिव्या घालायची. मिराज म्हणजे त्रिकोणी पंख, मागे आडवे छोटे पंख नाहीत, एकच इंजिन. सुखोई म्हणजे धिप्पाड, मागे दोन उभे कल्ले, दोन इंजिनं. आमच्या घरची पाच वर्षांची पोरगी सांगेल. सिरियलमध्ये पायलट मिराजमध्ये चढतो, हवेत सुखोई होतो, क्षेपणास्त्र सोडताना कुठलंतरी अमेरिकन विमान असतं, बहुतेक फुकटात मिळालेलं फुटेज, आणि उतरताना परत मिराज. टायगर हिलवर जून १९९९ मध्ये मिराजनीच लेझर बॉम्ब टाकले होते, ते ग्वाल्हेरचे, एवढं भांडवल हातात असताना विमान तरी एक धरून ठेवा. सॅल्यूटचं पण तेच. आर्मीचा सॅल्यूट पंजा समोर, नेव्हीचा तळवा खाली, एअरफोर्सचा मधला, पंचेचाळीस अंशात. पण हा पंचेचाळीसवाला आला २००६ मध्ये, त्याआधी एअरफोर्स आर्मीसारखाच करायची. एकाहत्तरच्या पायलटला पंचेचाळीस अंशात सॅल्यूट करताना बघितलं की मला उगाच त्या दिग्दर्शकाला ग्वाल्हेरला बोलवावंसं वाटतं. आणि टोपी नसताना हात कपाळाला लावून सॅल्यूट तर करतच नाहीत, तिथे सावधान व्हायचं. टीव्हीवर नाइट सूटमध्ये पण सॅल्यूट ठोकतात.

वायरलेसवर "ओव्हर अँड आऊट" ऐकलं की नाना टीव्हीशीच बोलायला लागतात. ओव्हर म्हणजे माझं झालं, तू बोल. आऊट म्हणजे बोलणं बंद. दोन्ही एकदम कसं होईल? "बोल पण आणि फोन पण ठेव," असं म्हणतात ते. कोर्टमार्शलवर फार बोलत नाही, एवढंच की जनरल कोर्टमार्शलमध्ये कमीत कमी पाच ऑफिसर बसतात, सोबत कायदा सांगायला जज अॅडव्होकेट असतो, तिथे हातोडा आपटणारा एकटा न्यायाधीश नसतो. आणि मेडल! शहरात अतिरेक्यांशी लढला की लगेच परमवीरचक्र, ते शत्रूसमोरच्या लढाईसाठी, एरवीच्या शौर्याला अशोकचक्र आहे. परमवीर ब्राँझचं असतं आणि फीत साधी जांभळी. सावित्रीबाई खानोलकरांनी, जन्माने स्विस असलेल्या आणि मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून आपल्याच झालेल्या बाईंनी, इतकं साधं देखणं डिझाइन केलं आणि सिरियलवाल्यांनी ते सोन्याचं करून रंगीबेरंगी रिबिनीला टांगलं, शाळेच्या स्पोर्ट्स डेसारखं.

काही जण म्हणतील वर्दीत मुद्दाम फरक ठेवतात. खरंय, नव्या कॉम्बॅट वर्दीचं डिझाइन रजिस्टर आहे, ती कुणीही शिवून विकायची नाही, आणि २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने आर्मीवरच्या फिल्म आणि वेब सिरीजसाठी आधी एनओसी घ्या असं कळवलं होतं. त्यामुळे कापडाचा रंग इकडेतिकडे असेल, बिल्ला थोडा वेगळा असेल, तर मी काही म्हणत नाही, नाना पण नाही म्हणत. पण स्टारची संख्या आणि सॅल्यूटचा हात याला कुठली एनओसी लागते?

इतक्या सगळ्यावर आम्ही हसतो. एका गोष्टीवर नाना हसत नाहीत आणि ती गोष्ट मला पण बऱ्याच उशिरा दिसली, एकदा दिसली की मग सगळीकडे तीच दिसायला लागली. टीव्हीवरच्या फौजेत सुभेदार नसतो. ऑफिसर असतात, देखणे, लव्हस्टोरीवाले, आणि त्यांच्यामागे "यस सर" म्हणणारे जवान असतात ज्यांना नावंच नाहीत, अर्ध्या तासात मरायला आणलेले. मधला माणूस गायब. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, शिपाई म्हणून भरती होऊन वीस-पंचवीस वर्षं घासून तिथवर पोचलेली माणसं. प्लाटून बहुतेक वेळा तेच चालवतात. नवा लेफ्टनंट अकॅडमीतून येतो तेव्हा त्याला पलटण म्हणजे काय ते हेच शिकवतात, आणि सुभेदार मेजर तर बटालियनमध्ये एकच, सीओ पण त्याला विचारल्याशिवाय जवानांचे निर्णय घेत नाही. ऑफिसर यांना "साब" म्हणतात. मेजर असो की कर्नल, "सुभेदार साब" असंच म्हणणार. सिरियलमध्ये पंचविशीचा कॅप्टन पन्नाशीच्या सुभेदाराला "ए सुभेदार, इधर आ" म्हणतो. ते वाक्य ऐकलं तेव्हा नानांनी पॉज पण केलं नाही, उठून आत पाणी प्यायला गेले.

दाखवला तरी कसा दाखवतात, मिशीवाला, गावठी हिंदी बोलणारा, जेवणावरून विनोद करणारा. आणि खांद्यावर त्याची लाल-पिवळी-लाल पट्टी लावायलाच विसरतात. सुभेदाराला दोन स्टार असतात आणि खाली ती पट्टी, पट्टी काढली की उरतो लेफ्टनंट. म्हणजे पांढऱ्या मिशीचा पन्नाशीचा लेफ्टनंट, ज्याची तीस वर्षांत एक बढती झाली नाही. रणगाड्याची रेजिमेंट असेल तर सुभेदार नाही, रिसालदार म्हणतात, ते तर सोडूनच द्या.

कारगिलला चार परमवीरचक्रं मिळाली, त्यातली दोन ऑफिसर नसलेल्यांची, ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव आणि रायफलमन संजय कुमार. एकूण एकवीस परमवीर, त्यातले नऊ असेच, सुभेदार जोगिंदर सिंह बासष्टला, अब्दुल हमीद पासष्टला, नायब सुभेदार बाना सिंह १९८७ ला सियाचिनवर. आणि लांब कशाला, आमच्या महूत बाबासाहेबांचा जन्म झाला तोच एका सुभेदाराच्या घरी, १८९१ साली, तिथे स्मारक आहे, एप्रिलमध्ये लाखो लोक येतात. सुभेदार हा काय माणूस असतो हे ज्या गावाला विचारावं त्या गावात शूटिंग करायला येतात, महूच्या रस्त्यांवर, जुन्या बंगल्यांसमोर, आणि एकाही रिटायर्ड सुभेदाराला विचारत नाहीत.

१९८९ साली दूरदर्शनवर 'फौजी' लागायची, ती बनवणारे कर्नल राजकुमार कपूर स्वतः फौजेतून आलेले. आज ती बघितली तर पैसे कमी होते हे दिसतं, सेट साधे, बॉम्ब तर जवळजवळ नाहीतच, पण ट्रेनिंगमधली पोरं उभी कशी राहतात, सीनियरसमोर तोंड कसं बंद होतं, शिक्षा झाल्यावर रात्री बराकीत एकमेकांची कशी उडवतात, ते खरं वाटतं. नाना ती गपचूप बघतात. आता बजेट वाढलं, ड्रोन आले, स्फोट इतके मोठे की ग्रेनेड फुटला तरी पेट्रोल पंप उडाल्यासारखी आग लागते, आणि प्रत्येक दुसरा हिरो दाताने पिन उपसतो. नानांचा एक मित्र म्हणतो, प्रयत्न करून बघा, पिन तिथेच राहील आणि डेंटिस्टचं बिल येईल.

एका स्फोटाचा खर्च वाचवला तर एक रिटायर्ड सुभेदार महिनाभर सेटवर खुर्ची टाकून बसेल. महू, इंदूर, सातारा, सागर, कुठेही मिळतील, सगळ्यांना वेळ आहे आणि सगळ्यांना बोलायचंय. नानांचा रेट मी विचारून ठेवलाय: जाण्यायेण्याचं भाडं, दुपारचं जेवण वेळेवर, चहा दोनदा, आणि युनिटमधल्या कुठल्याही पोराने त्यांना 'अंकल' म्हणायचं नाही.